वयाच्या नावे मांडलेली झीज

सोलापूरच्या इतिहासात गिरणीचा भोंगा आहे, १९३० चा मार्शल लॉ आहे, चादर आहे. चादर विणणाऱ्याचा गुडघा आणि विडी वळणारीची मान मात्र त्यात शोधावी लागते.

१८७७ मध्ये येथे ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. पुढे कामगार कायद्यांनी तास मोजले. १८९१ मध्ये स्त्रियांसाठी दिवसाला ११ तास, १९११ मध्ये कापडगिरणीतील पुरुषांसाठी १२, १९२२ मध्ये आठवड्याला ६० आणि १९४८ मध्ये ४८. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अवयवही मोजले. पुढील दुरुस्त्यांनंतर त्याच्या परिशिष्टात अंगठा गमावला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली, असे धरले जाई. यंत्रात अंगठा सापडला तर तारीख सांगता येते. तीस वर्षांत झिजलेल्या सांध्याला तारीख नसते. त्यामुळे त्याचे कारण एकच लिहिले गेले : वय.

वयाचा वाटा खराच आहे. तिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात, साठीनंतर ही घट वाढते. पाळी थांबल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत स्त्रियांची हाडे झपाट्याने विरळ होतात. सांध्यातील कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिची झीज सहसा भरून येत नाही. पण कोणता सांधा आधी बोलू लागेल, हे बरेचसे काम ठरवते. गिरणीत पाळीभर उभे राहणे, खड्डामागावर पाय खाली सोडून तीच पायपट्टी दाबत राहणे, घरात मांडी घालून सूप मांडीवर घेऊन विड्या वळणे, या तिन्हींचा भार शरीराच्या वेगवेगळ्या जागी पडतो.

यांत विडी वळणारीची नोंद सर्वांत पुसट आहे. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. त्यासाठी मान किती वेळ वाकली, हे कोणी लिहीत नाही. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी काम करणारीलाही कामगार मानले. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली. हे संघटनेच्या लढ्याचे मोठे यश. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत निवृत्तीचे वय ५८. २०१४ पासून किमान पेन्शन महिना १००० रुपये. एवढ्यावर भागत नाही, तेव्हा दुखऱ्या बोटांनीच पुन्हा पान कापावे लागते.

दवाखान्याच्या केसपेपरवर वयाशेजारी ‘काम कोणते, किती वर्षे’ एवढी एक ओळ नेमाने भरली गेली, तरी या शहराच्या श्रमाचा हरवलेला दस्तऐवज तयार होऊ लागेल. गिरण्या बंद पडल्या, त्यांचे हजेरीपट विखुरले. ज्यांच्या अंगात ती नोंद आहे, ती माणसे मात्र आज सत्तरीपुढे आहेत.