फटफटीचा जीर्णोद्धार

पाथर्डी तालुका हा देवस्थानांचा मुलूख आहे. मढीला कानिफनाथांची समाधी, वृद्धेश्वराचे आद्य नाथस्थान आणि मोहट्याची देवी ह्यांच्या दर्शनाला चारी दिशांनी माणसे येतात. मोहट्याचे मंदिर अलीकडच्या काळात नव्याने उभे राहिले. तरी देवी बदलली, असे कोणी म्हटले नाही. कारण जीर्णोद्धार म्हणजे काय, हे आपल्या लोकांस परंपरेने ठाऊक आहे. झिजले ते काढावे, ढळले ते सावरावे, गाभाऱ्याला मात्र धक्का लावू नये. जी रीत देवळाला लागू, ती माणसाने घडविलेल्या यंत्राला लागू पडते किंवा नाही, हा प्रश्न ह्याच तालुक्याच्या रस्त्यांवर रोज उपस्थित होत असतो. ते यंत्र म्हणजे जुनी मोटारसायकल, लोकांच्या तोंडची फटफटी.

पाथर्डी गावास रेल्वे नाही. नगरला जावयाचे तर सुमारे 50 किलोमीटरचा रस्ता आणि वाटेत करंजीचा घाट. मुलूख अवर्षणाचा, दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी हजारो कुटुंबे गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा ठिकाणी दुचाकी ही चैनीची वस्तू राहत नाही. दुधाच्या किटल्या, खताची गोणी, शाळेला जाणारी मुले आणि दवाखान्यात न्यावयाचा आजारी माणूस, सर्वांचा भार तिच्यावरच पडतो. म्हणून वडिलांची गाडी मुलाकडे येते, आणि ती तशीच चालवावी की तिचे भाग बदलावेत, हा विचार घरात होतो. त्याचे उत्तर शोधावयाचे तर अशा गाड्यांचा इतिहास पाहिला पाहिजे.

ह्या इतिहासात पहिला मान बुलेटचा. रॉयल एनफील्ड ह्या इंग्लिश कंपनीने 1932 साली हे नाव प्रथम वापरले. दुसऱ्या महायुद्धानंतर मागील चाकास झोके घेणारा आधार व धक्के शोषणारी योजना असलेली 350 सीसीची बुलेट निघाली, आणि तीच 1949 पासून हिंदुस्थानात विकली जाऊ लागली. सैन्याने सरहद्दीवरील गस्तीसाठी तिची निवड केली. 1955 साली मद्रासमध्ये एनफील्ड इंडिया ही कंपनी निघाली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात आरंभी इंग्लंडहून आलेले भाग जोडले जात, पुढे सारेच भाग येथे होऊ लागले. 1970 पर्यंत इंग्लंडातील मूळ कंपनीचे उत्पादन संपुष्टात आले. मायदेशी मेलेले यंत्र मद्रासेत जिवंत राहिले, आणि 1977 साली तेथून परत इंग्लंडला निर्यात होऊ लागले. इतिहासाच्या अशा उलट्या फेऱ्या फार थोड्या आढळतील.

ही जुनी बुलेट होती तरी कशी? एकच सिलिंडर, बिडाचा. त्याचा व्यास 70 मिलिमीटर व दट्ट्याची चाल 90 मिलिमीटर. लांब चालीमुळे इंजिन सावकाश फिरे, पण ओढीला खंबीर असे, आणि त्यातूनच तो ओळखीचा संथ ठोका निघे. गिअर उजव्या पायाशी व मागचा ब्रेक डाव्या पायाशी. किक मारण्यापूर्वी हँडलवरील एक लहान खटका दाबून सिलिंडरमधील दाब सोडावा लागे आणि अँपिअर दाखविणाऱ्या काट्याकडे पाहून दट्ट्या योग्य जागी आणावा लागे. हे कसब नसलेल्या माणसाची किक उलटून पिंढरीवर बसे. गाडी देखणी, टिकाऊ, खेड्यातील फिटरला सहज उघडता येणारी. पण तिचे ब्रेक आणि दिवे तिच्या वजनाच्या मानाने दुबळे होते, हेही तितकेच खरे.

दुसरी तितकीच लाडकी गाडी जावा. चेकोस्लोव्हाकियात 1929 साली यानेचेक नावाच्या कारखानदाराने वान्डरर ह्या जर्मन कंपनीची मोटारसायकल बनविण्याचा हक्क घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव सिद्ध केले. मुंबईच्या इराणी कुटुंबाने ही गाडी प्रथम आयात केली व नंतर 1960 च्या सुमारास म्हैसूर येथे आयडियल जावाचा कारखाना काढला. हिला दोन सायलेन्सर, आणि एकाच दांड्याने किकही मारावयाची व गिअरही टाकावयाचा. पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे आणि मागे निळसर धूर राही. 1973 पासून तिचे ‘येझदी’ असे नाव झाले. 1996 साली कारखाना बंद पडला.

कारखाना बंद पडला म्हणजे गाडी संपली, असे मात्र झाले नाही. तिचा भार फिटरांनी उचलला. मूळ भाग मिळेना तेव्हा दुसरा घासून बसविला, आणि दुसरा मूळच्याहून चांगला निघाला तर तोच रूढ झाला. जुन्या गाडीचे आधुनिकीकरण प्रथम गरजेपोटी झाले, हौस मागाहून आली. त्यातील तीन बदल नीट समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला बदल विजेचा. जावासारख्या गाडीची वीज 6 व्होल्टची असे. 36 वॅटचा दिवा लावावयाचा तर 6 व्होल्टला 6 अँपिअर प्रवाह लागतो, 12 व्होल्टला केवळ 3. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे प्रवाह निम्मा झाला की तीच तार वापरूनही नुकसान चौथाईवर येते. म्हणून 12 व्होल्टची योजना बसविली की दिवा स्थिर व प्रखर जळतो. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून उसाची बैलगाडी येत असता ह्या फरकाची किंमत कळते.

दुसरा बदल ठिणगीचा. जुन्या इंजिनात ‘पॉइंट’ नावाचे दोन धातूचे ओठ उघडत व मिटत. त्यांतील फट मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून किंचित अधिक. ते झिजत, जळत, फट कमीजास्त होई आणि गाडी ऐन वेळी रुसे. इलेक्ट्रॉनिक योजनेत हे ओठच राहत नाहीत, त्यामुळे झिजावयाचे काही उरत नाही. बाहेरून गाडीचे रूप तिळभरही बदलत नाही. जीर्णोद्धाराचा हा उत्तम नमुना होय.

तिसरा बदल ब्रेकचा, आणि तोच सर्वांत महत्त्वाचा. जुन्या चाकात बंद ड्रम असतो व आतून दोन शू त्याला घासतात. करंजीचा घाट उतरताना मागे माणूस व पुढे गोणी असेल, आणि ब्रेक सतत दाबून धरला असेल, तर ड्रम तापतो, तापून प्रसरण पावतो, शूपासून दूर सरतो. लायनरचीही पकड तापल्यामुळे कमी होते. चालक अधिक जोराने दाबतो आणि गाडी कमी थांबते. डिस्कची थाळी उघड्या हवेत फिरते म्हणून ती लवकर निवते. तथापि केवळ थाळी आणून भागत नाही. चाकाचा हब बदलावा लागतो, पुढच्या फोर्काच्या पायावर पकड बसविण्यास जागा हवी, हँडलवर तेलाचे भांडे हवे, आणि हे सर्व ह्या ओढीला पुरेल इतके मजबूत हवे. वेल्डिंग करून कसाबसा चिकटविलेला कान घाटात तुटला, तर सुधारणा केली नसती तर बरे, असे म्हणण्यासही माणूस उरावयाचा नाही.

फिटर जे एकेका गाडीवर करीत होते, तेच पुढे कारखान्याने साऱ्या गाड्यांवर केले. 1994 साली एनफील्ड कंपनी आयशर समूहात विलीन झाली. नव्या शतकाच्या आरंभी पाच गिअरची पेटी आली व गिअर डाव्या पायाकडे गेला. 2008-09 मध्ये इंजिन व गिअरपेटी एकाच कवचात असलेले नवे यंत्र आले. व्यास आणि चाल मात्र तीच, 70 व 90. बिडाचे जुने इंजिन 2010 च्या सुमारास निवृत्त झाले. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीवरील सर्व नव्या गाड्यांना चाक जखडू न देणारी ब्रेकयोजना सक्तीची झाली, आणि 2020 च्या प्रदूषणनियमांनी कार्बोरेटरची जागा पेट्रोल मोजून फवारणाऱ्या यंत्रणेस दिली. 2023 साली बुलेटला जे इंजिन लाभले त्यात व्यास 72 झाला व चाल 85.8. प्रत्येक पायरीवर जुने चाहते म्हणाले की बुलेट गेली. आणि प्रत्येक वेळी पुढच्या पिढीने त्याच बदललेल्या गाडीला खरी बुलेट मानले.

ह्याहून निराळा मार्ग म्हणजे नाव तेच ठेवून देह संपूर्ण नवा करणे. जावा 2018 साली परत आली ती पाण्याने थंड राहणारे, चार ठोक्यांचे 293 सीसीचे इंजिन घेऊन. जुना धूर गेला, दोन सायलेन्सर तेवढे राहिले. नगर जिल्ह्याला अधिक जवळचे उदाहरण लूनाचे. नगरच्या फिरोदिया घराण्यातील ह. कु. फिरोदिया ह्यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली पियाज्जोच्या चाओ गाडीवरून 50 सीसीची लूना काढली आणि सायकलवाल्या मध्यमवर्गाला प्रथमच इंजिन दिले. 2024 च्या फेब्रुवारीत ती विजेवर चालणारी होऊन परतली. 2 किलोवॅट-तासाची बॅटरी, आणि एका भरणीत 110 किलोमीटर जाईल असा कंपनीचा दावा. तिचे चेसिस नगरच्याच कारखान्यात बनू लागले. त्याच वर्षी जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. गाव तेच राहून नाव नवे झाले, आणि गाडी नवी होऊन नाव तेच राहिले, असा हा योग आहे. पण विजेच्या लूनाला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. तो पुनर्जन्म होय.

आता कायद्याकडे पाहू गेल्यास तेथेही हाच भेद दिसतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम असे सांगते की, नोंदणीपत्रातील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून निराळा ठरेल असा बदल मालकाने करू नये. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हे कलम स्पष्ट करून मूळ रचना बदलण्यास मनाई केली. रंगासारखा किरकोळ फरक निराळा. म्हणून चेसिस कापणे किंवा भलतेच इंजिन बसविणे म्हणजे गाडीची ओळखच पुसणे होय. कर्कश सायलेन्सरही नियमबाह्य आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोलरखाली चिरडले आहेत. ब्रेकसारखा मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे.

2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी निर्माण केली. शुल्क 20 हजार रुपये, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, तिच्यात भारी फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या रहदारीत आणावयाची नाही, प्रदर्शन, संचलन व दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. म्हणजे मालकापुढे दोन वाटा राहतात. गाडी जशीच्या तशी जतन करावी आणि तिने वस्तुसंग्रहालयातील शस्त्राप्रमाणे विश्रांती घ्यावी. अथवा तिला कामाला लावावे आणि कामास लागेल तेवढे नवे तिला द्यावे. दोन्ही वाटा सन्मानाच्या आहेत. फसगत होते ती दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याची. जुने ब्रेक ‘मूळचे’ म्हणून राखावयाचे आणि त्यांवर बायको-मुलांना बसवून घाट उतरावयाचा, ही निष्ठा नव्हे. आणि ब्रेक जुनाच ठेवून सायलेन्सर तेवढा नवा, मोठ्या आवाजाचा आणावयाचा, ही सुधारणा नव्हे.

मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तेथील जाणता गिऱ्हाईक जनावराच्या अंगावरील रंगाकडे पाहत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. जुन्या गाडीच्या मालकाने हीच नजर ठेवावी. आधी ती थांबते कशी ते पाहावे, मग तिला दिसते किती ते पाहावे, मग ठिणगी, आणि सर्वांत शेवटी रंग व चकाकी. बुलेटच्या नव्वद वर्षांच्या इतिहासाने शिकविले ते एवढेच की, जी यंत्रे टिकली ती न बदलल्यामुळे टिकली नाहीत. काय बदलावे आणि काय बदलू नये, हे कोणाला तरी वेळेवर कळले म्हणून टिकली. वडिलांच्या हातची गाडी मुलाने चालवावी, आणि संध्याकाळी घाट उतरून ती सुखरूप घरी यावी, ह्याहून जीर्णोद्धाराचे दुसरे फळ नाही.