अफगाणिस्तानची आरोग्यव्यवस्था : युद्ध आणि सत्तांतरे

एप्रिल १९७८ चे बंड, १९७९ अखेरीस घुसलेले सोव्हिएत सैन्य आणि १९९२ नंतर मुजाहिदीन गटांत पेटलेली यादवी यांमुळे अफगाणिस्तानातील बरेच डॉक्टर परागंदा झाले. उरलेली सेवा मुख्यतः काबूलसारख्या शहरांत एकवटली; खेड्यांत आधार उरला तो परदेशी मदतसंस्थांचा. सप्टेंबर १९९७ मध्ये तालिबानने काबूलमधील बहुतेक रुग्णालये स्त्रियांना बंद केली. हा हुकूम पुढे काही अंशी मागे घेतला गेला.

या पडझडीचे माप २००२ च्या पाहणीत मिळाले. दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० माता दगावत होत्या; बदख्शान प्रांतातील दुर्गम राघ जिल्ह्यात हे प्रमाण ६,५०० च्या घरात होते.

तालिबानची सत्ता गेल्यावर, २००३ मध्ये नव्या सरकारने ‘मूलभूत आरोग्यसेवा संच’ ठरवला : बाळंतपण, लसीकरण, बालआजार, क्षयरोग, मलेरिया. धोरण व देखरेख मंत्रालयाकडे, दवाखाने बहुतेक प्रांतांत कंत्राटावर स्वयंसेवी संस्थांकडे आणि खर्च जागतिक बँक, युरोपीय आयोग व अमेरिकेचा, अशी ही वाटणी होती. तिचे खरे यश प्रसाविका प्रशिक्षणात होते. दुर्गम भागांतल्याच मुली निवडायच्या, शिकवायच्या आणि आपापल्या भागात परत नेमायच्या. मातामृत्यू घटले, याबद्दल दुमत नाही. मात्र २०१० च्या पाहणीतील ३२७ हा आकडा अनेक तज्ज्ञांना पटला नाही.

तालिबान पुन्हा लढत असताना या संस्था सरकार व तालिबान अशा दोन्ही बाजूंशी बोलून काम करत, म्हणून तालिबानच्या ताब्यातील मुलखातही दवाखाने चालत राहिले. अर्थात ही हमी नव्हती. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी कुंदूझ येथील ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला व ४२ जण ठार झाले; रुग्णालयाचे ठिकाण अमेरिकी सैन्याला आधीच कळवलेले होते.

लढाईत तगलेली ही रचना सत्तांतरात कोलमडली, कारण तिचा पैसा देशाबाहेरून येत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर येताच दात्यांनी हात आखडले. दवाखाने उभे होते, पण पगार आणि औषधे थांबली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी तातडीची तरतूद केली. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने काही मोठ्या रुग्णालयांचा भार २०२३ पर्यंत उचलला. डिसेंबर २०२४ मध्ये तालिबानने परिचर्या व प्रसाविका प्रशिक्षण संस्थांत मुलींना मज्जाव केला. अनेक भागांत स्त्रीला पुरुष डॉक्टरकडे जाऊ दिले जात नाही; त्यामुळे निधी कपातीपेक्षाही हा आघात अधिक काळ टिकणारा आहे.