कुरुविंद : एका शब्दाचा आणि एका पदार्थाचा इतिहास

पदार्थाचा इतिहास लिहिताना प्रयोगशाळेतील नोंदींना जे स्थान आपण देतो, तेच त्याच्या नावांनाही द्यावयास हवे. मात्र नावाच्या साक्षीची मर्यादा ओळखणे तितकेच आवश्यक आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइड हे याचे बोधप्रद उदाहरण होय. हे संयुग निसर्गात ज्या कठीण स्फटिकरूपात आढळते, त्यास इंग्रजीत 'कोरंडम' म्हणतात. तमिळ 'कुरुंदम्', संस्कृत 'कुरुविंद' व मराठी 'कुरुंद' ही त्याच शब्दकुळातील रूपे आहेत.

संस्कृतात 'कुरुविंद' हा शब्द एकार्थी नाही. अमरकोशात तो मुस्ता, म्हणजे मोथा, या वनस्पतीचा पर्याय म्हणून येतो. सुश्रुतसंहितेत मात्र त्याची गणना अनुशस्त्रांत, म्हणजे शस्त्राऐवजी वापरावयाच्या साधनांत, स्फटिक व काच यांच्याबरोबर केली आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत पद्मरागाची, अर्थात माणकाची, उत्पत्ती सौगंधिक, कुरुविंद व स्फटिक यांपासून सांगितली आहे. घासण्याचा ओबडधोबड दगड आणि मौल्यवान रत्न हे एकाच नावाच्या छायेत आले, ही गोष्ट लक्षणीय आहे. परंतु तेवढ्यावरून त्यांची रासायनिक एकता प्राचीनांना ठाऊक होती असे अनुमान काढणे युक्त नव्हे. वराहमिहिराच्या त्याच यादीत स्फटिकही आहे, आणि स्फटिक हा सर्वस्वी निराळा पदार्थ आहे. कारागिराचे वर्गीकरण उपयोगावर, काठिण्यावर व तेजावर उभे असते. ते घटकद्रव्यांवर उभे नसते.

युरोपात हा शब्द दगडाबरोबरच गेला. जॉन वुडवर्ड (मृत्यू १७२८) यांच्या संग्रहाच्या सूचीत 'कोरिविंदम' असे रूप आढळते आणि लोखंड घासून चकचकीत करणे हा त्याचा उपयोग नोंदविलेला आहे. १७९८ मध्ये चार्ल्स ग्रेव्हिल यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आशियातील या दगडावर निबंध प्रसिद्ध केला. १८०२ मध्ये काउंट द बूर्नाँ यांनी स्फटिकरचनेच्या आधारे माणिक व नीलमणी हे कोरंडमचेच प्रकार असल्याचे प्रतिपादिले. रंगाचा भेद अल्पांश अशुद्धींमुळे पडतो : क्रोमियममुळे तांबडा, तर लोह व टायटॅनियम यांच्या संयोगाने निळा. ज्या एकतेची वराहमिहिराच्या यादीत केवळ छाया होती, तिला आता प्रमाण मिळाले.

या पदार्थाचे मोज काठिण्यमान ९ असून नैसर्गिक खनिजांत हिरा त्याच्या वरचढ आहे. तो सुमारे २,०५० अंश सेल्सिअसला वितळतो आणि विजेचा दुर्वाहक आहे. भारतीय कारागीर कुरुंदाची पूड लाखेत मिसळून सहाणेची चाके करीत. विसाव्या शतकाच्या आरंभापासून विद्युत्-भट्टीत तयार झालेल्या कृत्रिम कुरुंदाने नैसर्गिक दगडाची जागा बव्हंशी घेतली. १९०२ मध्ये व्हेर्नई यांनी ज्वालेत माणिक घडविण्याची रीत जाहीर केली आणि घड्याळांच्या धारव्यांसाठी अशी माणके विपुल होऊ लागली. १९६० मध्ये मेमन यांनी पहिला लेसर सिद्ध केला, तोही कृत्रिम माणकाच्या कांडीतूनच. भट्ट्यांच्या उष्णतारोधक विटा व ठिणगी-प्लगांचे विद्युत्-रोधक हे आणखी उपयोग होत.

तथापि या ऑक्साइडाचा बहुतांश भाग ॲल्युमिनियम धातूच्या निर्मितीत खर्ची पडतो. कार्ल योझेफ बायर यांनी १८८० नंतरच्या दशकात बॉक्साइट उष्ण कॉस्टिक सोड्यात विरघळवून लोहाचे ऑक्साइड वेगळे काढण्याची कृती शोधली. त्यांचा मूळ हेतू धातू मिळविण्याचा नव्हता. कापड रंगविण्यास लागणाऱ्या रंगबंधकासाठी त्यांना ॲल्युमिना हवे होते. पण १८८६ मध्येच हॉल व एरू यांनी वितळलेल्या क्रायोलाइटात ॲल्युमिना विरघळवून विजेने धातू वेगळा करण्याची रीत स्वतंत्रपणे शोधली होती. या दोन्ही कृतींच्या संयोगातून आधुनिक उद्योग उभा राहिला. कोल्हापूर जिल्ह्यातील जांभ्याच्या सड्यांवरील बॉक्साइट याच परंपरेत मोडते.

सारांश, 'कुरुंद' हा शब्द सहाणेवरील अनुभवाची साक्ष देतो आणि 'ॲल्युमिनियम ऑक्साइड' हा शब्द विश्लेषणाची. मराठी परिभाषा घडविताना पहिला शब्द खनिजासाठी व दुसरा संयुगासाठी राखणे श्रेयस्कर ठरेल. एकाने दुसऱ्याला हुसकावून लावल्यास आपला कोश गरीब होईल; दोन्ही एकच मानल्यास इतिहास चुकेल.