हकीमाचा प्रश्न आणि आपला खर्रा

बोरी अरबच्या पानठेल्यावर खर्रा घोटला जात असताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपण कुठं बिडी-सिगारेट ओढतो? थोडा खर्रा, तेवढीच तरतरी." धूर नाही म्हणजे धोका नाही, हा समज जुना आहे, त्यावरचा वादही जुनाच.

इ.स. 1604च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरच्या आदिलशाहीतून परतला. सोबत आणलेली तंबाखू आणि ती ओढायची रत्नजडित नळी त्याने बादशहापुढे ठेवली. अकबराने थोडे झुरके घेतले, तोच शाही हकीमाने अडवलं. त्याचं म्हणणं साधं होतं: आपल्या वैद्यकग्रंथांत याबद्दल काही नाही, फिरंगी घेतात म्हणून, पारखल्याशिवाय आपण का घ्यावं? असद बेग म्हणाला, जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीच असते. त्याचं बोलणं बादशहाला आवडलं, पण तंबाखूची सवय त्याने लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. 1617 मध्ये जहांगीरने मनाई केली, पण तोवर उशीर झाला होता.

हकीमाला हवी असलेली पारख आज झाली आहे. तंबाखूतलं निकोटीन 1828 मध्ये जर्मनीत वेगळं काढलं गेलं. 2012 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, सौम्य विस्मरण असलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्या वृद्धांना सहा महिने निकोटीनच्या पट्ट्या लावल्या. त्यांची एकाग्रता थोडी सुधारली. पार्किन्सनच्या रुग्णांवरच्या चाचणीत मात्र आजार मंदावला नाही. म्हणजे फायदा दिसला तो थोडा, मोजून दिलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या नजरेखाली. निरोगी माणसाने निकोटीन सुरू करावं, असं यातून निघत नाही. ते नाडी आणि रक्तदाब वाढवतं, आणि सवय लावतं.

शिवाय खर्रा म्हणजे नुसतं निकोटीन नव्हे. त्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. तंबाखू आणि सुपारी दोन्ही कर्करोगकारक ठरलेल्या आहेत. सुपारीने तोंड उघडेनासं होतं. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली, तरी पन्नीतला खर्रा आजही हातोहात जातो.

रमजानमध्ये इफ्तारची खजूर पोटात जाते न जाते, तोच काही पावलं ठेल्याकडे वळतात. ही तरतरी नव्हे, तलफ आहे. पण दिवसभर ज्यांना सबर जमतो, त्यांना तो मगरिबनंतरही जमू शकतो. सोडायला याहून चांगला महिना कोणता?