हुकूम, भिडू आणि बोली

ब्रिज महाराष्ट्रात आला तो इंग्रजी अमदानीत, जिमखान्यांच्या वाटेने. पण मोठे पान राखून ठेवायचे, पडून गेलेली पाने ध्यानात धरायची आणि नेमक्या वेळी हात मारायचा, ही विद्या इथे त्याच्या आधीपासून होती. ती गंजिफाने शिकवली होती. बाबराने १५२७ साली सिंधमधल्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफात आठ रंग आणि ९६ पाने असत. दख्खन-कोकणात हा खेळ आला तेव्हा रंगांना दशावतार मिळाले. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून १२० गोल पत्ते. सावंतवाडीचे चितारी लाखकाम केलेले हे पत्ते हाताने रंगवीत आणि सावंतवाडीची गंजिफा त्यामुळेच नावाजली.

रंगांची नावे कोणाला पाठ करावी लागत नसत, कारण हे अवतार देवळादेवळात उभे होते. बारामती तालुक्यातल्या लोणी भापकरला मल्लिकार्जुनाचे जुने दगडी मंदिर आणि पुष्करणी आहे. यज्ञवराहाची पाषाणमूर्तीही तिथलीच. तोच वराह गंजिफात तिसरा रंग होऊन बसतो आणि शंखाच्या खुणेने ओळखला जातो. दिवसा खेळायला बसले तर ज्याच्याकडे राम आला त्याची पहिली उतारी, रात्री बसले तर कृष्णवाल्याची. निम्म्या रंगांत प्रधानाखालोखाल दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा. इतके सगळे डोक्यात ठेवून तिघे खेळत आणि तिघेही आपापल्यासाठी खेळत. गंजिफात हुकूम नाही आणि भिडूही नाही. पुढे ब्रिजपर्यंत जी वाट गेली ती या दोन गोष्टींची, त्यातही भिडूची. समोर बसलेल्या आपल्या माणसाला काय सांगता येते, कसे सांगता येते आणि काय सांगायला मनाई आहे, यावरच हा खेळ घडत गेला.

बावन्न पानांचा विलायती जोड गावोगाव पोचला आणि गंजिफा मागे पडली. छापील पत्ते स्वस्त, रंग चारच, पान मुठीत मावणारे. बारामती-इंदापूरकडच्या गावांतून, तशीच सबंध महाराष्ट्रात, पारावर, देवळाच्या ओवरीत, गौरीच्या जागरणाला आणि गणपतीच्या मांडवात रात्रीच्या राखणीला पत्त्यांचे डाव पडू लागले. झब्बू आणि बदाम सात पोराटोरांचे, रमी मोठ्यांची. पण ब्रिजचा खरा गाववाला भाऊ म्हणजे मेंढीकोट. चौघे बसतात, समोरासमोरचे भिडू, प्रत्येकाला तेरा पाने. दश्शीला मेंढी म्हणतात आणि चार मेंढ्यांपैकी तीन ज्या जोडीने ओढल्या तिचा डाव. दोन-दोन झाल्या तर हात मोजायचे, सात ज्याचे तो जिंकला. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या की कोट, आणि तेराच्या तेरा हात झाले तर बावन्नी.

हुकूम ठरवण्याच्या दोन रीती आहेत. कट हुकुमात आधी कोणताच रंग हुकूम नसतो. उतरलेला रंग ज्याच्याकडे पहिल्यांदा संपतो तो दुसऱ्या रंगाचे पान टाकतो आणि तिथून तोच रंग हुकूम होतो. बंद हुकुमात एक जण आपल्या हातातले पान पालथे ठेवतो आणि कोणी अडले की ते उघडले जाते. दोन्ही रीतींत हुकूम ठरतो तो योगायोगाने किंवा एकट्याच्या मर्जीने. भिडूला विचारायची सोय नाही. म्हणून मग खाकरणे, डोळा घालणे, पान जोरात आपटणे, ‘बघ बुवा’ म्हणणे. पारावर याला कोणी लबाडी म्हणत नाही, आणि समोरच्या जोडीने खूण ओळखली तर तेवढीच मजा जास्त येते. पत्त्यांच्या खेळाने एक भाषा मागितली होती आणि ती नियमांत नव्हती, म्हणून लोकांनी ती बाहेरून आणली.

इंग्लंडात नेमकी हीच अडचण व्हिस्टला होती. एडमंड हॉइलने १७४२ साली त्यावर छोटे पुस्तक लिहिले आणि पुढे दीडशे वर्षे सभ्य घरांत व्हिस्टच चालला. शेवटी वाटलेले पान हुकूम ठरवायचे आणि खेळ सुरू. भिडूशी बोलायचे ते पानांतूनच: आधी मोठे आणि मग लहान पान टाकले की त्याचा एक अर्थ, उलट टाकले की दुसरा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिज-व्हिस्ट आला, त्यात एका भिडूची पाने टेबलावर उघडी पडू लागली. त्यानंतरची पायरी हिंदुस्थानाशी जोडली जाते. आडबाजूच्या ठाण्यावरच्या तीन सनदी अधिकाऱ्यांना चौथा गडी मिळेना, म्हणून त्यांनी हुकुमाचा लिलाव करण्याची युक्ती काढली, असे ब्रिजच्या इतिहासात सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑक्शन ब्रिज रूढ झाला. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनिकाने पनामा कालव्यातून जाणाऱ्या ‘फिनलंड’ जहाजावर नवी गुणपद्धत लावून पाहिली आणि त्यातून आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज उभा राहिला. बोलीत जेवढे हात कबूल केले तेवढ्यांचेच मोठे बक्षीस; जास्तीचे हात मारले तरी त्यांना किरकोळ गुण.

या एका नियमाने बोलीला किंमत आली. समजा, एक जण ‘एक बदाम’ म्हणाला. ठेक्याच्या हिशेबाने याचा अर्थ बदाम हुकूम असेल तर तेरातले सात हात आमचे. पण भिडू त्यातून दुसरेच ऐकतो. एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन आणि गुलामाला एक धरले तर जोडात चाळीस गुण होतात. त्यातले बाराच्या आसपास समोर आहेत आणि पुष्कळ जोड्यांच्या पद्धतीत बदामाची निदान पाच पाने आहेत. भिडूकडे बदामाची चार पाने आणि दहा-अकरा गुण असले तर तो ‘तीन बदाम’ म्हणतो, म्हणजे पुढे जाण्याचे आमंत्रण. पहिल्याला आपला हात जरा भारी वाटला तर तो ‘चार बदाम’ म्हणतो. आता दहा हात करणे भाग. बदामाला हातागणिक तीस, म्हणजे १२० गुण. शंभर भरले की गेम आणि त्याचे तीनशे किंवा पाचशेचे बक्षीस. एक हात कमी पडला तर बक्षीस गेलेच, वर पन्नास किंवा शंभरांचा दंड. पहिले पान पडायच्या आतच अर्धा डाव होऊन गेलेला असतो. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि बिनहुकूम, या पाच शब्दांना एक ते सात आकडे जोडून ३५ बोल्या होतात. पास, डबल, रिडबल धरले की संपली भाषा. एका खेळाडूला येऊ शकणारे तेरा पानांचे हात मात्र सुमारे ६३,५०१ कोटी प्रकारचे. इतक्या थोड्या शब्दांत इतके सांगायचे, हेच ब्रिजचे खरे सौंदर्य, आणि ते खेळल्याशिवाय पुरते कळत नाही.

पुण्या-मुंबईच्या क्लबांनी हा खेळ जोपासला. १९०६ साली स्थापन झालेला डेक्कन जिमखाना आणि पी. वाय. सी. हिंदू जिमखाना या पुण्याच्या संस्थांत मैदानी खेळांच्या जोडीने ब्रिजही चालत आला. क्लबातला ब्रिज म्हणजे मुख्यतः डुप्लिकेट. चार कप्प्यांच्या बोर्डात चौघांची पाने ठेवलेली असतात. एका टेबलावर डाव झाला की तीच पाने तशीच दुसऱ्या टेबलावर जातात. वाईट पाने आल्याची तक्रार इथे करता येत नाही, कारण ती पाने सगळ्यांनाच येतात. त्याच पानांवर इतरांपेक्षा जास्त काय केले, एवढेच मोजले जाते. पारावरच्या खाकरण्याला इथे सक्त मनाई. बोली उच्चारण्यातल्या सुरावरूनही भिडूला काही कळू नये म्हणून बोलीच्या चिठ्ठ्यांचे खोके आले, आणि वरच्या दर्जाच्या स्पर्धांत भिडूंच्या मधे आडवा पडदा.

ब्रिजला जुगाराच्या सावलीतून बाहेर काढण्यात कायद्याचाही हात आहे. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यानेच निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले होते. सिकंदराबादच्या एका क्लबवरील धाडीच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली दिला. रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवताना न्यायालयाने रमीतल्या नशिबाची तुलना ब्रिजच्या वाटपातल्या नशिबाशी केली. ब्रिज कौशल्याचा आहे हे तिथे गृहीतच होते.

तरीही खेळ शहराबाहेर फारसा गेला नाही. याचे कारण बुद्धीत शोधायचे नाही. मेंढीकोटातला मुरलेला गडी पाने मोजण्यात कोणाला हार जात नाही. अडचण होती ती क्लबाची, इंग्रजी पुस्तकांची आणि त्याहून जास्त चौथ्या गड्याची. मेंढीकोटाला गावात कोणीही चालतो, ब्रिजला त्याच बोलीपद्धतीचा भिडू लागतो. बारामतीच्या पश्चिमेकडच्या जिरायती गावातून तो शोधायला पुण्याला जाणे रोजचे होण्यासारखे नव्हते.

ही अडचण संगणकाने सोडवली. १९९० मध्ये मॅथ्यू क्लेगने ‘ओकेब्रिज’ सुरू केले. इंटरनेटवरून चार ठिकाणचे चौघे एका टेबलावर बसू लागले. २००१ पासून फ्रेड गिटलमनचे ‘ब्रिज बेस ऑनलाइन’ फुकट खेळायला मिळू लागले आणि खेळाडूंच्या तोंडी ते ‘बीबीओ’ झाले. चौथा गडी नसेल तर यंत्रमानव बसतो. मोठ्या सामन्यांत प्रेक्षकांना चारही हात उघडे दिसतात आणि जाणकार बोलीगणिक टिप्पणी करतात, ही शिकणाऱ्यासाठी शाळाच आहे. २०२० मध्ये टाळेबंदीने क्लबांची दारे लागली तेव्हा ज्येष्ठ खेळाडूही मोबाइल-टॅबलेटवर आले आणि बरेच जण तिथेच रमले.

ऑनलाइन टेबलावर सूर नाही, चेहरा नाही, पान आपटण्याचा आवाज नाही. भिडूशी फक्त ठरलेल्या बोलीत बोलायचे, ही क्लबांची जुनी अपेक्षा इथे आपोआप पुरी होते. पण गळती दुसरीकडून झाली. आपापल्या घरात बसलेले दोघे भिडू फोनवर बोलू शकतात. कोणी दुसऱ्या नावाने प्रेक्षक म्हणून आपल्याच टेबलावर येतो आणि चौघांची पाने पाहतो. २०२० मध्ये अशा प्रकरणांनी नामवंत खेळाडूही अडचणीत आले. त्यावर प्रेक्षकांना बंदी, प्रक्षेपण उशिराने दाखवणे आणि कॅमेऱ्यासमोर खेळणे असे उपाय निघाले. पारावर डोळा घालणारा निदान सगळ्यांच्या समोर घालत होता. इथला गुन्हा त्याहून फार वाईट आहे.

भारतातला ब्रिज या काळात जोमात आला. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत ब्रिजचा पहिल्यांदाच समावेश झाला; प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार या बंगालच्या जोडीने सुवर्ण मिळवले, तर जग्गी शिवदासानी, राजेश्वर तिवारी, अजय खरे, राजू तोलानी यांचा समावेश असलेल्या पुरुष संघाने कांस्य. पाच वर्षांनी हांगझोऊला पुरुष संघाने रौप्य आणले. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. रमीच्या धंद्याला त्याचा मोठा फटका बसला. ब्रिजच्या टेबलावर लावायला पैसा लागतच नाही. तिथे खेळाडू लावतो ती आपली बोली, आणि ती खरी करून दाखवण्यासाठी त्याच्या हाताशी तेरा पाने आणि एक भिडू असतो.