हमी कोणाची? संशोधकाच्या व्हिसाची कुळकथा

पुण्यातल्या हडपसरच्या एखाद्या घरातली पीएच.डी. झालेली मुलगी पोस्टडॉकसाठी युरोपला निघते, तेव्हा तिच्या फाइलमध्ये पासपोर्टच्या खालोखाल महत्त्वाचा एक कागद असतो. तो म्हणजे होस्टिंग ॲग्रीमेंट, तिकडच्या संस्थेने तिच्याशी केलेला यजमान करार. संशोधनाचा विषय काय, काम कधी सुरू होणार, कधी संपणार, मधल्या काळात दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत जायचे आहे का, मुख्यतः एवढेच त्यात असते. पण व्हिसा त्याच्यावर मिळतो आणि तिथे उतरल्यावर हातात पडणारे निवासाचे कार्डही त्याच्यावरच मिळते.

कोणताही परवाना देणारा एकच प्रश्न विचारत असतो: या माणसाची हमी कोण देतो? विद्येसाठी घर सोडणाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा बदलले. आधी समाज, मग सरकार, मग पद, मग संस्था. हडपसरच्या फाइलमधला तो करार याच कुळातला आहे.

आपल्याकडे परवाना जुना, पण तो माणसापेक्षा जहाजाला आणि मालाला लागायचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात कार्ताझ हा परवाना सक्तीचा केला. तो नसला की जहाज जप्त. अठराव्या शतकाच्या आरंभी कान्होजी आंग्र्यांनी कोकण किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक घ्यायला लावले आणि इंग्रजांशी त्यांचे जे वैर जुंपले, त्याच्या मुळाशी मोठा भाग या दस्तकाचा होता. ज्याचा कागद चालतो त्याचा समुद्र, असा तो मामला. शिकायला निघालेल्या माणसाला मात्र असा कागद कोणी मागत नसे.

म्हणूनच १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांच्यापाशी व्हिसा नव्हता. तो लागतच नव्हता. त्यांना अडवणारा होता तो समाज. बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जातो आहोत, हे त्यांना सांगावे लागले. त्यांच्याजवळ होता तो न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांचा पत्रव्यवहार. ज्या बाईला कधी पाहिले नव्हते, तिने आपल्या घरी उतरण्याचे आमंत्रण दिले आणि ते आनंदीबाईंना पुरले. आजचा यजमान करार मला या पत्रांचाच वंशज वाटतो. माणुसकीने दिलेला शब्द पुढे कायद्याच्या भाषेत गेला, एवढाच फरक.

पण आनंदीबाईंना जे दार सताड उघडे होते, तेच त्या काळात चिनी माणसासाठी बंद होत होते. अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला. शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी आणि प्रवासी यांना त्यातून सूट होती, कारण १८८० च्या करारात तसे कबूल केले होते. अमुक माणूस मजूर नसून विद्यार्थी आहे हे ओळखायचे कसे? १८८४ च्या दुरुस्तीने त्याची रीत पक्की केली. त्या माणसाच्या सरकारने प्रमाणपत्र द्यायचे आणि तिथल्या अमेरिकी वकिलातीने ते तपासून त्यावर शेरा मारायचा. विद्वानाच्या व्हिसाचा मूळपुरुष शोधायचा तर तो इथे सापडतो. त्याचा जन्म विद्येच्या आदरातून झालेला नाही. मजुराला हाकलताना पंडिताला वेगळा काढण्याची सोय म्हणून तो जन्मला, आणि कष्टकरी व विद्वान यांच्यात ओढलेली ती रेघ आजच्या व्हिसाच्या वर्गवारीतही दिसते.

१९१७ मध्ये अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टा ‘वर्जित प्रदेश’ ठरवला आणि त्यात हिंदुस्थान आला. पुन्हा तीच सूट: शिक्षक, विद्यार्थी, डॉक्टर, रसायनतज्ज्ञ, लेखक यांना मुभा. तोवर पहिल्या महायुद्धाने पासपोर्टही सक्तीचा करून टाकला होता. युद्धापूर्वी युरोपात बहुतेक ठिकाणी कागदाशिवाय फिरता येई. युद्धात प्रत्येक परका संशयित झाला. मालवणकडचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर जर्मनीत संशोधनाला गेले आणि युद्ध पेटले. जर्मनीच्या लेखी ते ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे शत्रूचा माणूस. त्यांना काही काळ अटकेत राहावे लागले. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतले आणि १९४६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आज तिथली संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. युद्ध संपल्यावर कागदपत्रांची सक्ती उठेल असे अनेकांना वाटले होते. झाले उलटेच. १९२० मध्ये पॅरिसच्या परिषदेने पासपोर्टचा नमुना ठरवून दिला, त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला आणि तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायमची झाली.

या व्यवस्थेची सर्वांत कडू चव ज्या मराठी संशोधकाने घेतली, ते वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे. ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या महाविद्यालयांत ते शेतीशास्त्र शिकले आणि गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक झाले. महायुद्धात इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी इराणपर्यंत गेले. नंतर बर्लिन, मॉस्को. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत नाव पडल्यावर मायदेशाची वाट बंद झाली. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. मका आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी काम केले, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालवल्या. दिएगो रिव्हेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले, तिना मोदोत्तीने त्यांच्या प्रयोगांची छायाचित्रे काढली. ज्या देशाशी त्यांचे जन्माचे काही नाते नव्हते, त्याने त्यांच्या विद्येवर विश्वास टाकला.

देश स्वतंत्र झाला. खानखोज्यांनी भारतात यायला व्हिसा मागितला आणि तो नाकारला गेला. इंग्रज गेले होते, पण त्यांची काळी यादी दप्तरात तशीच होती. ज्या स्वातंत्र्यासाठी हा माणूस देशोधडीला लागला, त्याच स्वातंत्र्याच्या कचेरीत त्याच्या नावापुढे जुना शेरा वाचला गेला. पुढे तो निर्णय फिरला, खानखोजे आले आणि अखेरीस नागपुरात स्थायिक झाले. १९६७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि पाठोपाठ पासपोर्ट कायदा आला. तोवर पासपोर्ट देणे न देणे ही सरकारची मर्जी होती. खानखोज्यांची हकिगत मला वारंवार आठवते, कारण सरकार हेच एकमेव हमीदार असले की काय होते, ते तिच्यात उघड दिसते. सरकारचे मन बदलले, तरी दप्तर बदलायला वेळ लागतो.

दरम्यान हमीचे तिसरे उत्तर पुढे आले होते: पद. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवले, पण आधीची किमान दोन वर्षे शिकवत असलेल्या प्राध्यापकाला कोट्याबाहेर ठेवले. १९३३ नंतर हिटलरच्या जर्मनीतून पळणाऱ्या विद्वानांना याच कलमाने तारले आणि याच कलमाने बुडवलेही. कारण नाझींनी ज्याची नोकरी आधीच काढून घेतली, त्याला सलग दोन वर्षांचे अध्यापन दाखवता येईना. प्रयोगशाळेत फक्त संशोधन करणारे, बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया, नुकती डॉक्टरेट झालेले तरुण हे सगळे ‘प्राध्यापक’ या व्याख्येबाहेर राहिले. खुद्द आइन्स्टाइनलाही कायमच्या वास्तव्याचा अर्ज करण्यासाठी १९३५ मध्ये अमेरिकेबाहेर, बर्म्युडाला जाऊन यावे लागले. अर्ज देशाबाहेरच्या वकिलातीतच करायचा, हा नियम त्यांच्यासाठीही वाकला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधक ही राष्ट्रांची गरज झाली. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यातून अमेरिकेचा जे व्हिसा आला. पुण्यातल्या प्रयोगशाळांमधून अमेरिकेला गेलेल्या कितीतरी जणांना ‘जे-वन’ हा शब्द पाठ आहे, आणि त्याबरोबरची दोन वर्षांची अटही. शिकून झाले की दोन वर्षे मायदेशी राहा, मगच कामाचा व्हिसा मागा, अशी ती अट. आपल्यासारख्या देशांचे शहाणे लोक तिकडेच राहू नयेत, हा तिचा हेतू. कोणत्या देशाला कोणत्या विद्येची गरज आहे याची यादी केलेली असे. डिसेंबर २०२४ मध्ये ती नव्याने निघाली तेव्हा भारताचे नाव तिच्यातून वगळले गेले. सरकारी पैशावर गेलेल्यांना मात्र अट अजून आहे. इंग्लंडची तऱ्हा वेगळी. जयंत नारळीकर १९५७ मध्ये केंब्रिजला गेले, तेव्हा राष्ट्रकुलातल्या नागरिकाला तिथे जायला व्हिसा लागत नव्हता. १९६२ पासून ही मोकळीक आटू लागली आणि १९८६ मध्ये भारतीयांना व्हिसा सक्तीचा झाला.

हडपसरच्या फाइलमधला यजमान करार येतो तो युरोपातून. फ्रान्सने १९९८ मध्ये शास्त्रज्ञांसाठी निवासाचे वेगळे कार्ड काढले. युरोपीय संघाने ती कल्पना उचलली. संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्के खर्च करायचा तर २०१० पर्यंत आणखी ७ लाख संशोधक लागतील, असा त्यांचा अंदाज होता. म्हणून १२ ऑक्टोबर २००५ रोजी संशोधकांसाठी स्वतंत्र निर्देश निघाला. त्यातली नवी गोष्ट ही, की माणसाची योग्यता सरकारी कारकुनाने तपासायची नाही. सरकारने संस्थेला मान्यता द्यायची आणि संस्थेने संशोधकाची हमी घ्यायची. बदल्यात जबाबदारीही तिचीच. करार संपल्यावर संशोधक बेकायदा राहिला, तर सहा महिन्यांपर्यंतचा खर्च संस्थेकडून घेण्याची मुभा देशांना मिळाली. २०१६ मध्ये हे नियम नव्याने लिहिले गेले. संशोधन संपल्यावर नोकरी शोधायला किमान नऊ महिने, जोडीदाराला कामाचा हक्क, मान्यताप्राप्त संस्थेच्या बाबतीत ६० दिवसांत निर्णय, आणि दुसऱ्या सदस्य देशात १८० दिवसांपर्यंत जाऊन काम करण्याची सोय त्यांत आहे. डेन्मार्क आणि आयर्लंड या नियमांत नाहीत, हे अर्ज करणाऱ्याने आधीच पाहून ठेवावे.

हडपसरचा या जगाशी संबंध फक्त घरांपुरता नाही. १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी इथे सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. तिने २०१२ मध्ये नेदरलँड्समधली बिल्टहोवन बायोलॉजिकल्स ही लस बनवणारी कंपनी विकत घेतली. एकेकाळी विद्येसाठी युरोपला जाणारे आपण आणि यजमानपद त्यांचे, असे ठरलेले होते. आता ती वाटणी तेवढी सरळ राहिलेली नाही.

कागद गोळा करताना मात्र खरी दमछाक घरच्याच कचेऱ्यांत होते. पोलिसांचा दाखला, म्हणजे पीसीसी, शेजारच्या मुंढव्यातल्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मागता येतो. पदवी आणि लग्नाचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात चालेल असे सरकारी साक्षांकन लावून घ्यावा लागतो. भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात सामील झाला, म्हणून निदान बहुतेक सदस्य देशांसाठी प्रत्येक वकिलातीत वेगळे साक्षांकन करत फिरणे वाचते. अडते ते नावांपाशी. बारशाआधीच नोंद झाली म्हणून जन्मदाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोरा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, पदवीवर शेवटी. लग्नानंतर पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे, शोधनिबंधांवर वडिलांचे. आपल्याला यात काहीच वावगे दिसत नाही; परक्या अधिकाऱ्याला त्या तीन वेगळ्या बाया वाटतात. म्हणून माझे कळकळीचे सांगणे आहे: जायचे ठरले की पहिल्यांदा जन्मदाखला काढून बघा. व्हिसाची तारीख मिळाल्यावर दुरुस्तीला अवधी उरत नाही.

हाच प्रश्न उलट्या दिशेनेही विचारायला हवा. पुण्यात संशोधनाला येणाऱ्या परदेशी माणसाला आपण कसे वागवतो? १८० दिवसांहून मोठ्या मुदतीचा व्हिसा असेल, तर साधारणपणे पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. त्याला फ्लॅट देणाऱ्या मालकाने त्याची माहिती २४ तासांत भरायची असते. नियम असायला हरकत नाही. पण गेल ऑम्वेट अमेरिकेतून संशोधनाला आल्या, १९८३ मध्ये भारताच्या नागरिक झाल्या आणि कासेगावात राहून महात्मा फुल्यांच्या चळवळीवर आपल्यालाच शिकवून गेल्या. अशी माणसे हवी असतील, तर त्यांचे कागद पुरे होईपर्यंत सोबत राहणारा माणूस आपल्या विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत नेमलेला हवा.

आता पुढची पायरीही दिसू लागली आहे. ब्रिटनच्या २०२० च्या ग्लोबल टॅलेंट व्हिसात रॉयल सोसायटीसारख्या विद्वत्संस्था संशोधकाची शिफारस करतात आणि तो एका नोकरीला बांधलेला नसतो. म्हणजे हमी कामाची आणि त्या कामाची पारख असणाऱ्यांची. माझ्या मते हीच दिशा योग्य आहे. संस्थेची हमी सरकारच्या मर्जीपेक्षा बरी, पण तिच्यात एक खोट आहे: निधी संपला की करार संपतो आणि करारासोबत राहण्याचा हक्कही लटकतो. मग वरिष्ठाने अन्याय केला तरी संशोधक तोंड उघडायला कचरतो, कारण घर, बायकोची नोकरी, मुलाची शाळा सगळे त्याच सहीला टांगलेले असते. म्हणून हडपसरमधून निघणाऱ्या प्रत्येकाने पगाराच्या आकड्याइतकेच बारकाईने कराराची शेवटची तारीख, मुदतवाढीचे कलम आणि काम मधेच थांबले तर किती दिवस राहता येईल, हे वाचावे. आणि ते लेखी नसेल, तर सही करण्याआधी मागून घ्यावे.