गॉलचा विजय आणि रोमच्या प्रजासत्ताकाचा अंत

आज आपण सीझरच्या गॉलमधल्या युद्धांकडे वळू. गॉल म्हणजे ढोबळमानाने आजचा फ्रान्स, बेल्जियम आणि आसपासचा मुलूख. तिथे केल्ट लोकांच्या अनेक टोळ्या होत्या. टोळी म्हटलं की आपल्यासमोर रानटी माणसं येतात. पण या लोकांची तटबंदीची नगरं होती, स्वतःची नाणी होती. एडुई टोळीत तर मुख्य अधिकारी दरवर्षी निवडला जाई. नव्हती ती एकी, आणि सीझरने नेमका तिथेच हात घातला.

इ.स.पू. ५८ मध्ये हेल्वेटी टोळी आजच्या स्वित्झर्लंडमधून पश्चिमेकडे निघाली. सीझरने तिला अडवलं. कारण काय दिलं? रोमच्या प्रांताला धोका आहे आणि आमचे मित्र एडुई मदत मागताहेत. पुढे वर्षानुवर्षं हेच. लढाई संरक्षणासाठी, आणि संरक्षण झालं की सरहद्द आणखी पुढे! आता बघा, सरहद्द सरकली की नवा शेजारी येतो, म्हणजे नवा धोका. जो युक्तिवाद कुठेच थांबू शकत नाही, त्याच्याकडे संशयानेच पाहायला हवं.

इ.स.पू. ५२ मध्ये व्हर्सिंजेटोरिक्सने बहुतेक टोळ्या एकत्र आणल्या. पण उशीर झाला होता. अलेसियाच्या वेढ्यात धान्य संपत आलं, तेव्हा लढू न शकणारी बायकामुलं बाहेर काढली गेली. सीझरने त्यांना वाट दिली नाही. हे तो स्वतःच लिहितो, अगदी थंडपणे. व्हर्सिंजेटोरिक्स शरण आला. सहा वर्षं कैदेत ठेवून इ.स.पू. ४६ मध्ये त्याची रोममधून मिरवणूक काढली आणि मग त्याला ठार मारलं.

बरं, रोमला काय मिळालं? लूट मिळाली, गुलाम मिळाले. पण ती लूट वाटणारा हात सीझरचा होता. शिपायाला बक्षिसी आणि पुढे जमीन मिळण्याची आशा सेनापतीकडून. मग त्याची निष्ठा सेनेटशी कशी राहणार?

इ.स.पू. ५५ मध्ये सेनेटने सीझरच्या यशाबद्दल २० दिवसांचा उत्सव जाहीर केला. तेव्हा केटो म्हणाला, तहाची बोलणी चालू असताना याने जर्मन टोळ्यांची कत्तल केली, याला त्यांच्याच हवाली करा. कुणी ऐकलं नाही. इ.स.पू. ४९ च्या जानेवारीत गॉलमध्ये तयार झालेलं सैन्य घेऊन सीझरने रुबिकॉन ओलांडली.

जवळजवळ शंभर वर्षांनी, इ.स. ४८ मध्ये, सम्राट क्लॉडियसने गॉलच्या सरदारांना सेनेटमध्ये प्रवेश दिला. पहिला मान एडुईंचा. जिंकलेले आत आले खरे. पण तोवर सत्ता सम्राटाकडे गेली होती, आणि सेनेटच्या हाती मान तेवढा उरला होता.

म्हणून मला वाटतं, केटोचा प्रश्न केवळ परक्यांवरच्या दयेचा नव्हता. सरहद्दीपलीकडे ज्याला कायदा लागू नाही असं आपण मान्य करतो, तो परत येताना कायदा कुठून आणणार?